ऑफलाइन की लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस?

वीज गेली की दोन्ही प्रकार संगणक बॅटरीवर घेतात, आणि त्याला लागणारे काही मिलिसेकंद संगणकाला सहसा जाणवतही नाहीत. खरा फरक वीज असतानाच दिसतो. व्होल्टेज वर-खाली होऊ लागलं की ऑफलाइन यूपीएसकडे एकच उपाय, बॅटरीवर जाणं. असं दिवसातून दहा वेळा झालं, तर बॅटरी लवकरच मान टाकते. लाइन-इंटरॅक्टिव्हमध्ये व्होल्टेज सावरणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे किरकोळ चढउतार बॅटरीला हात न लावता निभावतात. हा प्रकार थोडा महाग आणि जड असतो, पण डेस्कटॉपसाठी मी तोच घेईन. फक्त राउटर चालवायचा असेल, तर ऑफलाइन पुरे.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. तो व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे कागदावरची क्षमता) असतो. वॅट, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारी शक्ती, त्याहून कमी, ६०० व्हीएला बरेचदा ३६० वॅटच. ग्राफिक्स कार्डवाला संगणक तेवढ्यात भागेलच असं नाही. आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज सुरळीतपणे खेचणारा) पॉवर सप्लाय असेल, तर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारं मॉडेल बघा. स्वस्त यूपीएसच्या पायरीदार वेव्हवर असे काही संगणक ऐन वेळी बंद पडतात. लेझर प्रिंटर? तो दोन्हींना जोडू नका.