मराठीत न्यूजलेटर चालवून १४ महिने झाले, ५८ अंक गेले, त्याचा अनुभव

कंपनीचं नाव घेऊन स्टार द्यायचे तसा हा रिव्ह्यू नाहीये. १४ महिन्यांत मी न्यूजलेटर पाठवायच्या दोन सेवा वापरल्या आणि जे सांगायचंय ते दोन्हीकडे सारखंच लागू पडतं. मी नागपूरला प्रतापनगरात राहते, दिवसभर हिशेबाचं काम करते आणि दर रविवारी सकाळी साडेआठला विदर्भातल्या घरच्या स्वयंपाकावर एक ईमेल पाठवते. सध्या यादीत अकराशेच्या आसपास माणसं आहेत. कोणाला मराठीत असं काही सुरू करायचं असेल तर वाचा, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत न्यूजलेटर चालवल्याचा अनुभव कुठे लिहिलेला सापडला नव्हता, सगळं इंग्रजीत आणि ते पण अमेरिकेतल्या लोकांचं.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगून टाकते. पहिले ११ अंक मी पुस्तकी मराठीत लिहिले. म्हणजे आमच्या घरी आई आवाज देते "सांबार निवडून ठेव वं" आणि मी लिहायची "कोथिंबीर स्वच्छ निवडून घ्यावी". सांबारवडीला कोथिंबीरवडी लिहिलं, जेव्हा की दोन्ही पदार्थ वेगळे आहेत, पुण्याकडची कोथिंबीरवडी वाफवून कापतात आणि आपली सांबारवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत सांबार, खसखस, खोबरं असं सारण भरून गुंडाळी करून तळलेली. मला वाटायचं मुंबई-पुण्याच्या लोकांना कळलं पाहिजे, नाहीतर ते वाचणार नाहीत. ११ अंकांत मिळून उत्तरं किती आली तर ४, त्यातली २ माझ्या मामेबहिणीची.

बाराव्या अंकाला ऑफिसात ऑडिट सुरू होतं, वेळ नव्हता, मी शनिवारी रात्री आईजवळ बसली आणि ती जसं बोलून राहिली तसंच टाइप केलं. सांबार, चून, तेलाची पळी, "पाणी इकडे तिकडे झालं तर बिघडलंच समज", सगळं तसंच. वाचून पण पाहिलं नाही, पाठवून दिलं. रविवारी दुपारपर्यंत २३ उत्तरं! पुण्याच्या एका ताईंनी विचारलं की वडीत सांबार म्हणजे इडलीसोबतचं सांबार कसं घालायचं, आणि त्याच वेळी अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि बंगळुरूला नोकरी करणारा चंद्रपूरचा एक पोरगा, सगळ्यांचं एकच, की सांबार हा शब्द किती वर्षांनी लिहिलेला दिसला. त्या पोराने लिहिलं होतं की त्याने सांबारचं ते वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, ती कोल्हापूरची आहे, तिला लग्नाला सहा वर्षं झाली तरी तो भाजीवाल्याकडे सांबार का मागतो हे कळत नव्हतं.

त्या दिवसापासून मी भाषा बदलली. खाली शब्दार्थ नाही देत मी, पुढचं वाक्य असं लिहिते की अर्थ आपोआप लागतो. "मूठभर सांबार धुऊन, देठासकट बारीक चिरून वरून टाका" इतकं वाचल्यावर पुण्याच्या माणसाला पण कळतंच. आणि नवल म्हणजे पुण्या-मुंबईचे वाचक पण त्यानंतरच वाढले, त्यांना घरच्यासारखं कोथिंबीर वाचायला माझ्याकडे यायची काही गरजच नव्हती.

भाषा बदलली तशी उत्तरं देणारी माणसं पण बदलली. मी रोडग्यांवर अंक लिहिला त्यात शहरातल्यांसाठी म्हणून ओव्हनची पद्धत दिली होती. तीन दिवसांनी आर्वीहून एका आजींचं उत्तर आलं, त्या बोलल्या आणि नातवाने टाइप केलं, त्याने सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं. "पोरी, ओव्हनमंदी रोडगा नाही होत वं, त्याले गोवरीचा आर पाहिजे." आणि मग पूर्ण पद्धत. कणीक जाडसर दळलेली पाहिजे, घट्ट भिजवायची, लहान पोळ्या लाटून एकावर एक तेल लावून ठेवायच्या, बाहेरच्या पोळीत सगळ्या बंद करून गोळा करायचा, गोवऱ्यांचा धूर पूर्ण जाऊन आर लाल झाला की मगच ठेवायचा, दर थोड्या वेळाने फिरवायचा, आणि बाहेर काढला की सुती फडक्याने राख पुसून हाताने दाबायचा म्हणजे तो फुलासारखा उकलतो, त्यात तूप. हे दाबायचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्या घरी पण नाही. तो ईमेल मी पुढच्या अंकात त्यांना विचारून जसाच्या तसा छापला आणि आजपर्यंत माझ्या स्वतःच्या कुठल्या अंकाला मिळाला नाही इतका प्रतिसाद त्याला मिळाला.

आता थोडं तांत्रिक, कारण इथे माझे सुरुवातीचे चार महिने वाया गेले.

मराठी ईमेल वजनाने जड असतो हे मला माहीत नव्हतं. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये (कॉम्प्युटरमधल्या जागेचं माप) बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे "की" लिहिलं तर क चे तीन आणि वेलांटीचे तीन असे सहा. आणि जीमेलमध्ये साधारण १०२ केबीच्या, म्हणजे लाखभर बाइटच्या वर मजकूर गेला की पुढचं कापून खाली पूर्ण मेसेज पाहण्याची लिंक येते. फोटो त्यात धरत नाहीत कारण ते बाहेरून येतात, पण अक्षरं आणि आतलं फॉरमॅटिंग सगळं धरतात. मी दिवाळीचा अंक २८०० शब्दांचा केला होता, तो पण वर्डमधून कॉपी-पेस्ट करून, त्यामुळे आतमध्ये न दिसणारा कचरा भरपूर गेला आणि अनारशांची कृती साखर घालायच्या आधीच कापली गेली. लोक विचारून राहिले की ताई गूळ का साखर, आणि मला कळेना की मी तर लिहिलंय. शिवाय यादीतून बाहेर पडायची लिंक सगळ्यात खाली असते, ती पण कापल्या जाते, मग ज्याला बाहेर पडायचंय तो सरळ स्पॅम दाबतो. तेव्हापासून १५०० शब्दांच्या वर जात नाही, साध्या नोटपॅडमधून पेस्ट करते आणि आधी स्वतःच्या दोन पत्त्यांवर पाठवून पाहते.

स्पॅमवरून आठवलं, सुरुवातीला मी एक चूक केली होती ती तुम्ही करू नका. ओळखीच्या १४० लोकांचे पत्ते त्यांना न विचारता यादीत टाकले. त्यातल्या काहींनी स्पॅम दाबलं, त्यांची चूक नाहीच, मी विचारलंच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली पाहिजेत, म्हणजे हजारात तीनच्या पण आत. दिवसाला पाच हजाराच्या वर पाठवणाऱ्यांना तर एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यावीच लागते. माझी यादी छोटी आहे, पण १४० मध्ये चार-पाच जणांनी दाबलं की टक्केवारी काय होते ते तुम्हीच काढा. मी ती सगळी नावं काढून टाकली, प्रत्येकाला वेगळा मेसेज केला, ६१ लोक स्वतःहून परत आले. बाकीचे नाही आले, ठीक आहे.

ओपन रेट, म्हणजे किती टक्के लोकांनी ईमेल उघडला ते बघून खुश होणं आणि दुःखी होणं दोन्ही मी बंद केलंय. ईमेलमध्ये एक अदृश्य चित्र असतं, ते लोड झालं की उघडला असं मोजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयफोनच्या मेलमध्ये अशी सोय आणली की ती चालू असली तर ते चित्र आधीच लोड होऊन जातं, माणसाने वाचो न वाचो. तर माझे ५२ टक्के म्हणजे नेमके किती कोणालाच माहीत नाही. मी आता एका वहीत फक्त उत्तरं मोजते, तारीख, गाव, काय विचारलं. वहीत आतापर्यंत ७०० च्या वर नोंदी आहेत आणि पुढचे विषय मी तिथूनच काढते. भिवापुरी मिरचीवरचा अंक, सावजी रश्श्यात जवसाच्या तेलाची जुनी पद्धत, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहून आल्यावर घरी काय बनायचं, हे सगळे वाचकांनी विचारलेले.

पैशांचं थोडक्यात सांगते. सबस्टॅकसारख्या न्यूजलेटर पाठवायच्या ठिकाणी पेड वर्गणी ठेवली तर १० टक्के ते घेतात, वरून कार्ड पेमेंटचे वेगळे कापतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी वेगळी परवानगी लागते, आणि माझे निम्मे वाचक साठीच्या पुढचे, ते कार्डाचा नंबर कुठे टाकत नाहीत, ते विचारतात "बेटा फोन पे वर टाकू का". मी फुकटच ठेवलंय. ज्यांना पगाराचा पर्याय म्हणून करायचंय त्यांनी हे गणित आधी करा.

आणि यादी दर महिन्याला डाउनलोड करून ठेवा. आधीच्या सेवेवर एका सकाळी माझं अकाउंट काही न सांगता बंद झालं होतं, चार दिवस, कारण शेवटपर्यंत कळलं नाही. ४०० लोकांचे पत्ते गेले असं समजून मी खूप रडले. सुरू झाल्यावर पहिलं काम फाइल उतरवून घेतली आणि दुसरीकडे गेले. आता दर महिन्याच्या १ तारखेला पेन ड्राइव्हवर कॉपी करते.

शेवटी गोळाभाताचं सांगते (डाळीच्या भरड्याचे गोळे भाताच्या वाफेत शिजवतात तो), कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकले.

३१व्या अंकात मी गोळाभाताची कृती दिली आणि मोहन "अर्धी वाटी" असं टाइप झालं. पाहिजे होतं दोन वाट्या भरड्याला चार चमचे. मोहन जास्त झालं की गोळा बांधल्यासारखा दिसतो पण भाताच्या वाफेत सुटतो. ईमेल एकदा गेला की गेला, तो मागे घेता येत नाही, वेबसाइटवर दुरुस्त केलं तरी लोकांच्या इनबॉक्समध्ये चुकीचंच राहतं. रविवारी दुपारी एक वाजेपासून फोटो यायला लागले, भातात सगळा पिवळा चुरा. एकींनी तर पाहुणे बोलावले होते. मला जेवण गेलं नाही. त्याच संध्याकाळी मी आईला समोर बसवून परत केला, भरडा हातात घेऊन मूठ दाबली की लाडू व्हायला पाहिजे आणि बोटाने टोचलं की फुटायला पाहिजे, इतकंच मोहन, हे तिने दाखवलं, ते लिहून रात्री नऊला दुसरा ईमेल पाठवला. विषयाच्या जागी सरळ लिहिलं, "गोळाभाताचं मोहन चुकलं, माफ करा". विषय छोटा ठेवला की मोबाइलवर पूर्ण दिसतो हे पण तेव्हाच कळलं.

त्या ईमेलला अंबाझरी लेआउटकडच्या एका काकूंनी उत्तर दिलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा त्यांच्या आईची पाककृतींची वही खालच्या कपाटात होती. त्यांनी फोटो पाठवला होता. पानं वाळून एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरलेली, एका पानावर वर "गोळाभात" इतकंच वाचता येत होतं आणि खाली सगळा निळा डाग. त्यांनी लिहिलं होतं की तुमची पहिली कृती पाहून मला वाटलंच की आई एवढं मोहन घालत नव्हती, पण खात्री कोणाकडून करणार, आई नाही आता. दुसऱ्या ईमेलमधलं ते मूठ दाबायचं वाचलं आणि मला तिचा हात आठवला, ती पण तसंच करायची.

पुढच्या रविवारी त्यांनी केला. फोटोत स्टीलच्या ताटात भात, त्यावर पाच गोळे अख्खे, बाजूला कढी आणि लसणाच्या फोडणीचं तेल. एकही फुटला नव्हता. त्या वहीतली आणखी सहा पानं अर्धीमुर्धी वाचता येतात, पुढचे काही अंक आम्ही दोघी मिळून ती पानं लावून पाहणार आहोत, पहिली पाटवडी, कारण तिच्यात फक्त शेवटच्या दोन ओळी गेल्यात.