चिठ्ठी बघायची की चिठ्ठीवाला?

निवडणूक जवळ आली की सांगलीत सर्वपक्षीय सभा होतात आणि शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या येतात. यंदा मंडळानं त्या निवडायचं काम तुमच्या गळ्यात घातलं असेल, तर पहिला पेच हाच: माणूस बघून प्रश्न घ्यायचा, की नुसता प्रश्न बघून?

माणूस बघणं सोपं. आपल्या भागात कोण कुणाचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. 'हा काडी टाकायला आलाय' म्हणायचं आणि चिठ्ठी बाजूला सारायची. वादावादी टळते, पाहुणे खूश राहतात. मीही बरीच वर्षं हेच केलं. 2019 च्या महापुरानंतरच्या एका सभेत अक्षर ओळखलं, एका पक्षाचा कट्टर कार्यकर्ता, आणि पुढं न वाचताच चिठ्ठी खिशात टाकली. घरी शर्ट धुवायला टाकताना ती सापडली. 'पंचनाम्यात भाडेकरूचं सामान का धरलं नाही?' एवढंच. आमच्या गल्लीत निम्मे भाडेकरू! त्याचा हेतू खोडसाळ असेलही, पण प्रश्न त्या निम्म्या गल्लीचा होता.

प्रश्न बघायचा तर डोकं जास्त लागतं. 'कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची कमाल पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 वर गेली तर कृष्णेचा फुगवटा आपल्याकडं किती चढेल?' हा घ्यायचाच, कुणीही विचारो. 'अलमट्टीच्या नावावर अजून किती वर्षं मतं मागणार?' हा टोमणा झाला. ती चिठ्ठी परत द्यावी, नीट लिहून आण म्हणावं. निम्मे लोक आणतात. लोकसभेचे नियमही शब्दांनाच चाळण लावतात: प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, आरोप नको, आणि सहसा 150 शब्दांवर जायचं नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 तर कलम 6(2) मध्ये स्पष्टच सांगतो की अर्जदाराला माहिती कशाला हवी, हे विचारायचं नाही.

या पद्धतीत त्रास एकच. उत्तर मिळूनही तोच प्रश्न तिसऱ्यांदा पाठवणारा एखादा असतोच. त्याला थांबवा, पण 'तुझा हेतू वाईट' म्हणून नव्हे, 'उत्तर झालंय' म्हणून. हेतूवर बोट ठेवलं की तो उभा राहतो, मागचे चार जण उभे राहतात आणि माइक गेलाच म्हणून समजा.

लॉट काढणं हा तिसरा मार्ग, पण चिठ्ठ्या शंभरावर गेल्या तरच. तोही टोमणे गाळत नाही.

सभा एका पक्षाची घरची असेल तर खुशाल माणूस बघा, तिथं कुणी वेगळी अपेक्षाही धरत नाही. सर्वपक्षीय मंचावर मात्र मी प्रश्नच बघेन. आता आमच्याकडं नावाची पट्टी फाडूनच चिठ्ठी माझ्या हाती येते. तरी अक्षर ओळखू यायचंच, म्हणून गेल्या वेळेपासून पुतणी सगळ्या चिठ्ठ्या मोबाइलवर टाइप करून देते. तिच्या शुद्धलेखनावर मात्र माझा अजून भरवसा नाही.