८५ की १०५? कपॅसिटर बदलण्याआधी

सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर उघडला, आत १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात की प्रश्न येणार: पंच्याऐंशी हवा की एकशेपाच? हा अंगावर छापलेला कमाल तापमानाचा आकडा, अंश सेल्सिअसमध्ये. दिसायला दोघे भाऊभाऊच. १०५ वाला थोडा महाग, कधी अंगाने जरा मोठा.

आपल्या डब्यात कुठे ८५ अंश होतात, मग ८५ वाला चालेल की, असं पुष्कळांना वाटतं. फसगत इथेच होते. तो आकडा एकटा वाचायचा नसतो, त्याच्याबरोबर तास असतात. अंगावर नसले तरी डेटाशीटमध्ये सापडतात. ‘८५ अंश, २००० तास’ म्हणजे सतत तेवढ्या उष्णतेत तो साधारण तेवढेच तास गुणधर्म टिकवून धरेल. आतलं द्रव इलेक्ट्रोलाइट रबरी बुचातून हळूहळू उडत असतं, ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला विद्युत रोध, चढत जातो. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

आता हिशेब मांडू. बंदिस्त अडॅप्टरमध्ये कपॅसिटर ६५ अंशांवर आहे असं धरा. ८५/२००० वाल्याला मिळतात ८००० तास. बॉक्स चोवीस तास चालू असेल तर अकरा महिने! १०५/२००० वाल्याला ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. दहा-वीस रुपयांसाठी इथे घासाघीस कशाला?

मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा, हवेशीर खोक्यातला जुना अँप्लिफायर असेल तर गोष्ट वेगळी. आत जेमतेम ४५ अंश, आणि चालणार संध्याकाळी दोन तास. तिथे ८५ वालाही वर्षानुवर्षं हलत नाही.

खरं बघायचं ते पुढे आहे. १०५ मध्येही १००० तासांचा माल असतो आणि ५००० तासांचाही. नुसतं ‘एकशेपाच द्या’ म्हणालात तर पहिलाच हातात पडायची शक्यता जास्त. शिवाय एसएमपीएसच्या (अशा अडॅप्टरमधल्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या) आउटपुटला साधा १०५ लावला तर रिपल करंटने, म्हणजे सतत वरखाली होणाऱ्या प्रवाहाने, तो आतूनच तापतो. तिथे लो-ईएसआरच मागा; व्होल्टेज मूळचं किंवा थोडं वरचं, आणि व्यास व पायांमधलं अंतर मोजून.

बसवताना मात्र हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, टेकवू नका. पाय जरा वाकवून १० अंश वाचले, तर तेही आयुष्य दुप्पटच, आणि फुकटात.