एकाच टेबलावर दोन देश

अमेरिकेच्या 2020च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेली, लोकसंख्या 6.2 कोटींच्या वर भरली. त्यातल्या मेक्सिकोहून आलेल्या एखाद्या घरात डोकावलं, तर एकाच टेबलावर दोन देश जेवायला बसलेले दिसतात.

एका बाजूला आई. कोमालवर (आपल्या तव्याचाच भाऊबंद) मक्याची तोर्तिया (पातळ भाकरीच म्हणा) शेकायची, सोबत शिजवलेला घेवडा, आणि जेवायचं सगळ्यांनी मिळून. 'फामिलिस्मो' म्हणजे कुटुंब आधी आणि 'रेस्पेतो' म्हणजे थोरांचा मान, हे तिचे नियम. समोर पोरगं: इंग्रजीतच भांडणारं, चिप्सचं पाकीट घेऊन खोलीत पळणारं. अमेरिकी वळण अंगात मुरतं तसं फास्ट फूड वाढतं, दारू-सिगारेटही वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

म्हणून आईच बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्या लेखी 'गोर्दितो' हे लाडाचं नाव, आपल्या 'गुटगुटीत'सारखंच. कोल्ड्रिंकची चटकही काही फक्त अमेरिकेने लावलेली नाही. मेक्सिकोने 2014मध्ये गोड पेयांवर लिटरमागे 1 पेसो कर बसवला तो काय उगाच? उलट पाकिटावरची साखर वाचून दाखवणारं बहुधा पोरगंच असतं.

खरी गोची दवाखान्यात होते. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे पुष्कळदा दुभाष्याही तेच पोरगं. डॉक्टरांनी विचारलं, "हा सिगारेट ओढतो का?" तर स्पॅनिशमध्ये आईच्या कानावर काय पडेल?