रोमाजी की काना : जपानीची सुरुवात कशातून करावी?

इंग्रजीच्या आधाराने जपानी शिकू पाहणाऱ्याला व्याकरणाच्या कितीतरी आधी लिपीचा निर्णय घ्यावा लागतो. ‘जॅपनीज फॉर बिझी पीपल’ या मान्यवर पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग तर दोन रूपांत निघतो. एकात जपानी वाक्ये रोमन अक्षरांत, म्हणजे रोमाजीत छापलेली असतात, आणि दुसऱ्यात तीच वाक्ये हिरागाना व काताकाना या लिप्यांत, म्हणजे एकत्रितपणे कानात. धडे आणि संवाद तेच असल्यामुळे निवड करायची ती केवळ अक्षरांची. या दोन्ही वाटांनी मी काही अंतर चाललो आहे, आणि दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, असे माझे मत आहे.

रोमाजीचा फायदा पहिल्याच संध्याकाळी हाती येतो. ‘सुमिमासेन’, ‘कोरे ओ कुदासाइ’, ‘एकि वा दोको देसु का’ ही वाक्ये काहीही नवे न गिरवता वाचता येतात. जेम्स हेपबर्न या अमेरिकी मिशनरी डॉक्टरच्या शब्दकोशाच्या १८८६ च्या आवृत्तीने रूढ केलेली पद्धत इंग्रजी वाचकाला सोयीची आहे, कारण तिच्यातील व्यंजने बहुतांशी इंग्रजीसारखीच उच्चारली जातात. शिवाय रोमाजीत शब्द सुटे लिहिले जातात आणि ‘वा’ हा प्रत्यय उच्चारानुसार ‘वा’ असाच दिसतो. कानात मात्र तो ‘हा’ या अक्षराने लिहितात, आणि नवशिक्याला हे निष्कारण जाचक वाटते. जपानमधील रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवरही रोमन नावे असतातच. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी जाणाऱ्याने यापलीकडे जाण्याची गरज आहे, असे मी म्हणणार नाही.

माझा कौल फिरला तो दीर्घ स्वरांमुळे. जपानीत स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो : ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर, ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि मधला स्वर लांबवला की आजी. हेपबर्न पद्धतीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देण्याची सोय आहे. पण प्रत्यक्ष छपाईत ही रेघ सर्रास गाळली जाते, आणि म्हणून ‘येथे’ या अर्थाचा ऱ्हस्व ‘कोको’ आणि ‘माध्यमिक शाळेचे वरचे वर्ग’ या अर्थाचा दीर्घ ‘कोको’ कागदावर जुळे होऊन बसतात. कुणी रेघेऐवजी अक्षर दुप्पट करतो, कुणी ‘एच’ जोडतो, कुणी ‘यू’ जोडतो, आणि एकाच शब्दाची तीन-चार रूपे वाचकाच्या वाट्याला येतात.

एवढ्यावर भागले असते तर मी तक्रार केली नसती. खरा त्रास फोनवरच्या शब्दकोशात होतो. टी-ओ-के-वाय-ओ अशी पाच अक्षरे टंकित केली, तर काना अक्षरांत दोन्ही स्वर ऱ्हस्वच उमटतात. राजधानीच्या नावासाठी प्रत्येक ‘ओ’नंतर ‘यू’ द्यावा लागतो. यावरून नियम बसवावा, तर ओसाकाच्या आरंभी ‘यू’ चालत नाही, तेथे ‘ओ’च दोनदा द्यावा लागतो. म्हणजे पुस्तकाने रेघ इमानाने छापली, तरीही ती रेघ स्वर लांब आहे एवढेच सांगते, तो लिहायचा कसा हे सांगत नाही. पाठ असलेला शब्द कोशात सापडेपर्यंत त्याची दोन-तीन रूपे टंकित करून पाहायची, हा प्रकार मला काही काळाने फारच कंटाळवाणा वाटू लागला. कानात शिकलेल्या शब्दाबाबत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तो जसा पाहिला तसाच लिहिला जातो.

दुसरी अडचण इंग्रजी वळणाची आहे. रोमन अक्षरे दिसली की इंग्रजीत वाढलेली जीभ आपल्या सवयीने वाचते, आणि ‘कराते’चे ‘कराटी’ होते. जोडव्यंजनाचेही तसेच. ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट आणि ‘किते’ म्हणजे ये. इंग्रजी भाषकाला हा फरक कानाने पकडायला वेळ लागतो, मराठी भाषकाला तो सांगावाही लागत नाही.

कानाची किंमत अर्थातच मोजावी लागते. मूळ चिन्हे प्रत्येकी ४६, म्हणजे दोन्ही मिळून ९२, आणि रोज थोडा वेळ दिला तर हिरागाना दोन-तीन आठवड्यांत येण्यास हरकत नसावी. मराठी वाचकाला येथे एक आयता आधार आहे. अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे आपल्याच वर्णमालेच्या परंपरेतून आलेला आहे. ‘मा’च्या आधी ‘हा’ खटकतो, पण तो ‘हा’ एके काळी ‘पा’ होता हे कळले की सगळे जागच्या जागी बसते. काताकाना मात्र चिवट आहे. त्यातील ‘शि’ आणि ‘त्सु’, तसेच ‘सो’ आणि ‘न’, हाताने लिहिलेल्या खाद्यपदार्थांच्या यादीत मला आजही नीट ओळखू येतात असे नाही. तरीही इंग्रजी जाणणाऱ्याला सर्वांत लवकर परतफेड हीच लिपी करते, कारण इंग्रजीतून आलेले असंख्य शब्द तिच्यातच लिहिलेले असतात.

उच्चार मात्र दोन्हीकडे ऐकूनच शिकावे लागतात. ‘देसु’मधला शेवटचा ‘उ’ बोलताना जवळजवळ नाहीसा होतो, आणि हे ना रोमाजी दाखवते, ना काना.

आपल्यापैकी अनेक जण वहीत देवनागरीत नोंदी करतात, मीही करतो. इकार-उकारांची लांबी आणि जोडाक्षरे तिच्यात उत्तम उतरतात. ‘ए’ आणि ‘ओ’ यांची लांबी मात्र उतरत नाही, आणि नेमके तेच स्वर जपानीत वारंवार दीर्घ होतात.

पुण्या-मुंबईत होणाऱ्या जपानी प्रावीण्य परीक्षेचा विचार मनात असेल, तर अगदी एन-५ या पहिल्या पायरीच्या प्रश्नपत्रिकेतही रोमाजी नसते, हे लक्षात घ्यावे. परीक्षा द्यायची नसली, तरी काही महिने शिकण्याचा मानस असलेल्याने पुस्तकाची काना आवृत्ती घ्यावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. संगणकावर जपानी टंकित करण्यासाठी रोमाजी नंतर लागतेच, पण काना येत असलेल्याला ती एका बैठकीत जमते. तिच्यासाठी वेगळे पुस्तक विकत घेण्याची वेळ माझ्यावर तरी आली नाही.