असेटो कोर्सा : गाडी पक्की, शर्यत कच्ची

कुनोस सिम्युलात्सिओनी या इटालियन कंपनीचा हा मोटार शर्यतीचा गेम पीसीवर डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. इतक्या वर्षांनंतरही लोक तो सोडत नाहीत, कारण गाडी चालवण्याचा भाग अजून टिकून आहे. फिजिक्सचा हिशेब सेकंदाला ३३३ वेळा होतो, मुजेल्लो, स्पा, नुर्बुर्गरिंगसारखे ट्रॅक लेझर स्कॅन करून बनवलेले आहेत, आणि मागचं चाक सुटायला लागलं की ते हाताला वेळेवर कळतं. काही महिने रोज वापरल्यावर मात्र लक्षात येतं की एकट्याने लॅप मारायला हा गेम जितका उत्तम, तितकाच पूर्ण शर्यत खेळवण्यात अर्धवट आहे. शिवाय चालवणाऱ्याला जी माहिती लागते, ती तो बऱ्याचदा दाखवतच नाही.

सुरुवात फोर्स फीडबॅकपासून, म्हणजे स्टिअरिंग व्हील हाताला जो जोर देतं त्यापासून करतो, कारण नव्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गेम व्हीलला जो सिग्नल पाठवतो त्याची कमाल १०० टक्के. वेगवान वळणात टायरवर भार वाढला आणि सिग्नल त्या मर्यादेला टेकला, की वरचा सगळा तपशील कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. व्हील जड लागतं, पण पुढचे टायर पकड सोडतायत की धरून आहेत हे कळत नाही. बरेच जण जडपणालाच चांगला फीडबॅक समजून गेन, म्हणजे जोराचं प्रमाण, आणखी वाढवतात आणि गाडीची खबर घालवून बसतात.

हे तपासायची सोय गेममध्ये आहे, पण ती कुठे आहे हे कोणी सांगत नाही. स्क्रीनच्या उजव्या कडेला कर्सर नेला की ॲप्सची यादी उघडते, त्यातलं पेडल्स ॲप घ्या. क्लच, ब्रेक आणि थ्रॉटलच्या पट्ट्यांशेजारी करड्या रंगाची आणखी एक पट्टी असते, ती फोर्स फीडबॅकची. स्पावर पूओंसारख्या लांब, वेगवान वळणात गाडी पूर्ण भारावर असताना तिच्याकडे बघा. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक चढल्यावर ती क्षणभर लाल झाली तर हरकत नाही. वळणभर लाल राहिली तर नंबरपॅडवरचं वजा बटण दाबत गेन कमी करत जा. हा आकडा प्रत्येक गाडीसाठी वेगळा साठवला जातो, त्यामुळे जुन्या लोटसला जे चाललं ते जीटी३ वर्गाच्या शर्यतीच्या गाडीला चालेलच असं नाही. कर्ब, रोड आणि स्लिप इफेक्ट हे वरून मिसळलेले कृत्रिम कंप आहेत आणि तेही त्याच १०० टक्क्यांतली जागा खातात. स्लिप शून्यावर ठेवा, बाकीचे दोन अगदी थोडे. मिनिमम फोर्सची, म्हणजे हलक्या सिग्नललाही मिळणाऱ्या किमान जोराची, गरज गिअरवर चालणाऱ्या स्वस्त व्हीलला असते, कारण त्यांच्या मध्यभागी एक मेलेला पट्टा असतो. डायरेक्ट ड्राइव्हवर, म्हणजे मोटर थेट जोडलेल्या व्हीलवर, ते शून्यच हवं. खरं तर पहिल्या तीन लॅपमध्ये सर्वात मोठा सिग्नल मोजून गेमनेच योग्य गेन सुचवायला हवा. मोजमाप तर आत चालूच आहे, नुसतं दाखवायचं बाकी आहे.

फील्ड ऑफ व्ह्यूचंही, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसतं त्याचंही, तसंच. हा गेम उभा कोन मागतो. पडद्याच्या उंचीचा अर्धा भाग घ्या, त्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागा, येणाऱ्या संख्येचा आर्कटॅन काढा आणि दुप्पट करा. २७ इंची रुंद मॉनिटर साधारण ३३.६ सेंटिमीटर उंच असतो. तो ६० सेंटिमीटरवर ठेवला तर कोन ३१ अंशांच्या आसपास येतो. सुरुवातीला आरसे आणि बाजूच्या खिडक्या दिसेनाशा होतात, म्हणून लोक लगेच जुन्या आकड्यावर परततात. आठवडाभर धीर धरला तर ब्रेकिंग पॉइंटचा अंदाज पक्का बसायला लागतो. उंची आणि अंतर विचारणारे दोन रकाने सेटिंग्जमध्ये दिले असते तर हे गणित कोणालाच करावं लागलं नसतं.

सेटअपचं, म्हणजे गाडीची जुळणी बदलायचं, पान हा या गेमचा सगळ्यात कच्चा कोपरा. कितीतरी आकडे क्लिक्समध्ये दिसतात, एककाचा पत्ता नाही. कॅम्बरच्या, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाच्या, रकान्यातला आकडा म्हणजे चाकाचा प्रत्यक्ष कोन नव्हे. गाडीची उंची किंवा टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलला की खरा कॅम्बर हलतो आणि पान मात्र तोच जुना आकडा दाखवत राहतं. म्हणून कॅम्बर टायरच्या तापमानावरून ठरवावा. चार-पाच लॅप सलग मारा आणि टायर्स ॲपमध्ये आतल्या, मधल्या व बाहेरच्या पट्ट्याचं तापमान बघा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ५ ते १० अंशांनी गरम असेल तर ठीक आहे. फरक याहून बराच मोठा असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या टोकाचा आतला कल) कमी करा. मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त झाली.

टायरचा दाब सेटअपमध्ये थंड टायरचा द्यायचा असतो, पण पकड ठरते गरम टायरच्या दाबावर. तो गरम दाब किती हवा, हे मूळ गेम कुठेच सांगत नाही. गाडीच्या डेटा फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, पण अधिकृत गाड्यांचा डेटा बंद डब्यात आहे. समजा लक्ष्य २७ पीएसआय आहे आणि पाच लॅपनंतर डावा पुढचा टायर २९ दाखवतोय, तर त्या चाकाचा थंड दाब २ पीएसआयने उतरवा आणि पुन्हा पाच लॅप मारा. दाब बदलला की तापमानही बदलतं, त्यामुळे दुसरी फेरी चुकवू नका. चारही चाकांचे आकडे वेगळे येणार. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात, तिथे डावीकडे थंड दाब कमीच लागतो. गाडी बदलली किंवा हवेचं तापमान बदललं की हे सगळं पहिल्यापासून. प्रत्येक टायरच्या आदर्श दाबाची एक ओळ सेटअपच्या पानावर छापली तर यातले तासन् तास वाचतील.

कॉम्प्युटर चालवत असलेल्या गाड्यांबद्दल तक्रार सगळेच करतात, पण कारण थोडेच सांगतात. या गाड्यांना फिजिक्स तुमच्याइतकंच खरं मिळतं. अडतं ते त्यांच्या रेषेत. प्रत्येक ट्रॅकसाठी आधी नोंदवलेली एक आदर्श रेषा असते आणि गाड्या सारख्या तिच्याकडे ओढल्या जातात. तुम्ही आतून अर्धी गाडी पुढे काढली असली तरी वळणाच्या टोकाशी ती दार बंद करणार. रेषा प्रत्येक ट्रॅकची वेगळी बनवलेली असल्यामुळे या गाड्यांच्या ताकदीचा आकडाही सगळीकडे सारखा वागत नाही. एका ट्रॅकवर ९५ टक्के म्हणजे चांगली झुंज, तर दुसरीकडे त्याच आकड्यावर त्या अर्ध्या मिनिटाने मागे.

यावर घरच्या घरी थोडा इलाज आहे. ट्रॅकच्या डेटा फोल्डरमध्ये एआय हिंट्स नावाची आयएनआय फाइल असते, नसली तर साध्या नोटपॅडमध्ये बनवता येते. तिच्यात सुरुवात, शेवट आणि किंमत असे तीन आकडे द्यायचे. सुरुवात आणि शेवट हे ट्रॅकच्या लांबीचे ० ते १ मधले भाग असतात. मोंझा ५.७९३ किलोमीटरचा. पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) गाड्यांचा ढीग होत असेल तर स्टार्टच्या रेषेपासून ६०० ते ७५० मीटरचा टप्पा निवडा, म्हणजे ०.१०४ ते ०.१२९, आणि किंमत ०.९५ द्या. तेवढ्या भागात त्या गाड्या जरा सबुरीने जातात. किंमत एकदम ०.८ वर नेऊ नका, नाहीतर मागून येणारे तुम्हीच त्यांच्यावर आदळाल. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, कारण ऑनलाइन सर्व्हर फाइली जुळवून पाहू शकतो.

शर्यतीचे नियम तर जेमतेमच आहेत. फॉर्मेशन लॅप (शर्यतीआधीची रांगेतली संथ फेरी) नाही, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना संथ ठेवणारी गाडी) नाही. ट्रॅक कापला की वेग कमी करायला सांगितलं जातं, पण त्यातून फायदा झाला की जागा गेली हे तपासलं जात नाही. ऑनलाइनमध्ये सेफ्टी रेटिंग (कोण किती सांभाळून चालवतो याचे गुण) नसल्यामुळे पहिल्याच वळणावर ब्रेक न मारणारा आणि सांभाळून चालवणारा एकाच सर्व्हरवर, एकाच मापाने मोजले जातात. त्यामुळे पासवर्ड असलेले, ओळखीच्या गटाचे सर्व्हर धरणं हाच खरा उपाय.

पाऊस आणि रात्र मूळ गेममध्ये नाहीत. घड्याळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६ एवढंच फिरतं. कंटेंट मॅनेजर आणि कस्टम शेडर्स पॅच हे चाहत्यांनी बनवलेले दोन जोड बसवले की यातलं पुष्कळ मिळतं आणि मूळ लाँचरच्या रटाळ यादीपासूनही सुटका होते. बसवताना आधी कंटेंट मॅनेजर घ्या, त्याला गेमचं फोल्डर दाखवा, मग त्याच्या सेटिंग्जमधून पॅचची स्थिर आवृत्ती उतरवा. एकाच वेळी दहा मोड (चाहत्यांनी बनवलेल्या गाड्या, ट्रॅक वगैरे) टाकू नका. एक टाकला की एक शर्यत खेळून बघायची, मग पुढचा. नाहीतर गेम कोसळला की दोषी कोण ते सापडत नाही. मोड गाड्यांच्या टायर डेटाचा दर्जाही फार कमी-जास्त असतो. एखादी गाडी अधिकृत जीटी३ पेक्षा एकाच लॅपमध्ये चार सेकंद वेगवान निघाली, तर कौतुक तुमच्या हाताचं नसून चुकीच्या टायरचं असण्याची शक्यता जास्त.

याच कंपनीने २०१९ च्या 'असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने' या पुढच्या गेममध्ये पाऊस, रात्र, फॉर्मेशन लॅप, सेफ्टी रेटिंग सगळं आणलं, पण ते जीटी गाड्यांपुरतं. रस्त्यावरच्या साध्या गाडीपासून जुन्या फॉर्म्युला गाडीपर्यंतचा पसारा आजही या जुन्या गेममध्ये जास्त आहे. ज्याला रोज अर्धा तास एकट्याने लॅप टाइम घासायचा आहे, त्याने डोळे मिटून हा घ्यावा. ज्याला फक्त कॉम्प्युटरविरुद्ध पूर्ण लांबीच्या शर्यती हव्यात, त्याने हिंट्सच्या फाइलींशी खेळायची तयारी असेल तरच घ्यावा.