डीएस३२३१ घड्याळ मोड्यूल: राउटर बंद असतानाही गजर वाजवणारे

गटप्रकल्पासाठी आम्ही चौघांनी इंटरनेटला जोडलेले गजराचे घड्याळ करायला घेतले, तेव्हा वेळ सांभाळण्यासाठी वेगळे मोड्यूल घेण्याचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड सर्व्हरकडे जागतिक प्रमाणवेळ मागतो आणि तिच्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवले की भारतीय वेळ हाती येते. मग वेगळा खर्च कशाला, असा आमचा हिशेब होता. मे महिन्यातल्या एका वादळी रात्री तो चुकला. तीनच्या सुमारास वीज जाऊन आली, बोर्ड पुन्हा सुरू झाला, पण वसतिगृहातला राउटर बंदच राहिला. वेळ न मिळालेल्या बोर्डाने संगणकी वेळेच्या शून्यापासून, म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, मोजणी सुरू केली, तिच्यात आम्हीच लिहिलेले साडेपाच तास मिळवले आणि डिस्प्लेवर ठळक ५:३० उमटले. गजर पाचचा होता, म्हणून तो वाजलाच नाही. आमचा मित्र तोंडी परीक्षेला पाऊण तास उशिरा पोचला.

दुसऱ्याच दिवशी सीताबर्डीतल्या एका दुकानातून डीएस३२३१ आणले. दीडशे रुपयांच्या आत मिळालेल्या या मोड्यूलने प्रकल्प वाचवला, असे मी मनापासून म्हणेन. घड्याळात वेळ मोजणारा साधा क्वार्ट्झ स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत अचूक चालतो आणि तापला की मागे पडतो. ४५ अंशांवर ही घट दिवसाला सुमारे १.२ सेकंदांपर्यंत जाते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ गाठतो हे इथे कोणाला सांगायला नको. डीएस३२३१ मात्र दर ६४ सेकंदांनी स्वतःचे तापमान मोजून चाल दुरुस्त करते. ० ते ४० अंशांत त्याची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट, इतकीच असते. त्यापुढच्या उष्णतेत ती साडेतीन भागांपर्यंत जाऊ शकते. आम्ही मुद्दाम महिनाभर इंटरनेट तोडून ठेवले, तेव्हा तीन सेकंदांचा फरक पडला. आता सर्व्हरकडून दिवसातून एकदा वेळ जुळवून घेतो आणि गजर मोड्यूलच्या वेळेवर वाजवतो. मोड्यूलवरच्या चार किलोबाइटच्या स्मृतीत चौघांच्या गजरांच्या वेळा ठेवल्या आहेत, त्यामुळे फोनवरून एकदा लावलेला गजर वीज गेली तरी पुसला जात नाही.

तक्रार आहे ती वीज नसताना मोड्यूल चालू ठेवणाऱ्या सेलच्या जागेची. निळ्या रंगाच्या प्रचलित मोड्यूलवर पुन्हा चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी चार्जिंगची जोडणी दिलेली असते, आणि दुकानात सहज मिळतो तो चार्ज न होणारा सीआर२०३२. मोड्यूलला ५ व्होल्ट दिले तर ती जोडणी या सेललाही चार्ज करू पाहते, आणि तसे होऊ देणे धोक्याचे आहे. आम्ही सुरुवातीला ५ व्होल्टच दिले होते. चूक लक्षात आल्यावर सोल्डरिंग करणाऱ्या मैत्रिणीने काचेच्या छोट्या डायोडशेजारचा, २०१ असे छापलेला रोधक चिमट्याने धरून उचलला आणि मगच सेल बसवला. पुरवठाही ३.३ व्होल्टवर आणला, कारण ५ व्होल्टवर मोड्यूलच्या डेटा तारांवरही तेवढाच विद्युतदाब येतो आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्याच असतात. एवढी महत्त्वाची सूचना मोड्यूलसोबत छापून द्यायलाच हवी.

मोड्यूल सांगते त्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. तो चिपचा आहे, खोलीचा नव्हे, आणि त्यात ३ अंशांपर्यंत चूक असू शकते.

घेताना चिपवरची अक्षरे भिंगाखाली नीट वाचावीत. डीएस३२३१एसएन असेल तर वर सांगितलेली अचूकता मिळते. डीएस३२३१एम ही वेगळ्या बनावटीची चिप असून तिची चूक दहा लाखांत पाच भागांपर्यंत, म्हणजे वर्षाला अडीच मिनिटांच्या घरात, जाते. दुकानात दोन्ही एकाच नावाने आणि एकाच डब्यात ठेवलेल्या होत्या.